सहा मिलिमीटर

बाहेर सेहेचाळीस.
मेडिकल चौकातलं डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि माझ्या इन्क्युबेटरच्या काट्यावर पस्तीस.
मे महिन्यात या इमारतीत
सगळ्यात सुखात जंतू आहेत,
असं उकेभाऊ दरवर्षी म्हणतात
आणि मी दरवर्षी हसते.

कूलरच्या ताट्या वाळल्यात.
वाळ्याच्या वासाखाली एखाद्या दिवशी
द्राक्षांचा वास येतो, कुजायच्या जरा अलीकडचा,
तेव्हा न बघता सांगते, हिरवा स्यूडोमोनास.
आज तो नाही.
आज क्लेबसिएला,
लूपने उचलली की तार सुटते
पाकाची सुटते तशी,
एकतारी नाही, दोनतारी नाही,
बोटभर, आणि तुटत नाही.
आई असती तर म्हणाली असती,
उतरव गं, पुढे गेला पाक.

ही पारबताबाईंच्या रक्तातली.
वॉर्ड तेवीस, खाट अकरा.
मी त्यांना पाहिलेलं नाही.
पाहिलाय त्यांचा नवरा, इस्तारी निकोडे, पवनीकडचा,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून
तीन दिवस आमच्या जिन्यावर.
"बाई, त्या काचेत काय पेरता?"
गवत, म्हटलं.
"मंग उपटाचं कसं?"
तेच तर बघतो, भाऊ.

काल पेरलं होतं.
स्वॅब तीनदा, दर वेळी प्लेट थोडी फिरवून,
अंगण सारवताना कोपरा सुटू देत नाहीत तसं.
वर सहा टिकल्या, कागदाच्या, औषधात भिजलेल्या.
आज प्रत्येकीभोवती
एक ओसाड रिंगण हवं होतं.
गवत टिकल्यांना टेकून उगवलंय.

राहिली ती एक चाचणी,
खरं सांगायचं तर माझी आवडती.
मेरोपेनेमची टिकली चार तास
संशयिताच्या हवाली करायची, रसात बुडवून.
मग चिमट्याने काढून ठेवायची
एका भोळ्या जंतूच्या शेतात.
हा आमचा जुना ई. कोलाय. नाव नाही, आकडा आहे,
पंचवीस नऊशे बावीस.
उणे ऐंशीत ग्लिसरॉल पांघरून निजतो,
साध्या अँपिसिलिननेही मरतो.
त्याला खोटं बोलता येत नाही.
टिकलीत औषध उरलं असेल
तर तो लांबच संपतो.
ते आधीच कुणी फोडून खाल्लं असेल
तर टिकलीला खेटून वाढतो,
जगून साक्ष देतो.

पट्टी लावली.
सहा मिलिमीटर.
टिकलीचाच व्यास सहा,
म्हणजे शून्य.
आमच्यात शून्य लिहायची पद्धत नाही.
सहा लिहिलं, सही केली.

वॉर्डातून डॉक्टर पोरीचा फोन,
"मॅडम, काहीतरी उरलं असेल ना?"
कोलिस्टिन लावलंय. ते टिकलीने कळत नाही,
नळ्यांच्या रांगेत लावावं लागतं.
"कधी?"
उद्या सकाळी.
ती काही बोलली नाही.
तिच्या मागे कुणाचा तरी मॉनिटर वाजत होता,
मग फोन ठेवल्याचा आवाज.

रुमाल काढायला पर्स उघडली.
आत अर्धी पट्टी, हिवाळ्यातल्या खोकल्याची,
सक्करदऱ्याच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय.
दहातल्या चार घेतल्या, बरं वाटलं,
सहा अजून चकाकतायत.
सव्वीस वर्षं झाली मला या खोलीत.

प्लेट लाल पिशवीत टाकली.
ऑटोक्लेव्हने शिट्टी दिली,
एकशे एकवीस अंशांना सगळेच मरतात,
पण माणसाला त्यात ठेवता येत नाही.

खाली उतरले.
"उपटलं का जी, गवत?"
एक विळा लावून पाहायचाय अजून.
"धार हाय त्याले?"
उद्या कळेल.

त्याने दुपट्टा सोडला,
पायरीवरची धूळ झटकली,
आणि सरकून
माझ्यासाठी जागा केली.